लेकरू झोपेत असताना

दिवाळी आली, की आमच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड, सोनपेठ, पालम या तालुक्यांतील खेड्यापाड्यांत ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहू लागतात. साखर कारखान्यांचा हंगाम तोंडावर आलेला असतो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि ती ऊस तोडूनच फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. हिशेबाच्या वहीत माणसे नसतात, कोयते असतात. पीठमीठ, भांडीकुंडी, ताडपत्री, पाण्याचा हंडा, असा सगळा संसार गाडीवर चढतो आणि कारखान्याच्या वाटेला लागतो, तो होळी-पाडव्याच्या सुमारास माघारी येतो. तान्ही मुले आईच्या कडेवर बसून जातात. शाळेच्या वयाची पुष्कळशी मुले मागे आजीजवळ राहतात.

या मागे राहण्यासंबंधीची एक रीत मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. गाडी रात्री उशिरा किंवा पहाटे सुटायची असते. आई निजलेल्या लेकराचे पांघरूण सारखे करते, त्याच्या केसांवरून एकदा हात फिरविते आणि पायांचा आवाज न करता बाहेर पडते. सकाळी लेकरू उठते, तेव्हा घर अर्धे रिकामे झालेले असते. 'उगं कशाला रडवायचं लेकराला? झोपीतच गेलेलं बरं,' असे म्हातारी माणसे सांगतात. या सांगण्यात निष्ठुरपणा तिळमात्र नसतो. मुलाचे रडे वाचावे, एवढाच हेतू असतो. त्या आईला त्या रात्री जे सोसावे लागते, त्याची कल्पना तुम्हां-आम्हांला यायची नाही.

आणि तरीही, गावच्या शाळेत तीसएक वर्षे मुलांच्या संगतीत घालविल्यावर, हा प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही: लेकराला झोपेत सोडून जावे काय?

ऊसतोडीचा प्रश्न फार मोठा आहे. त्यात कोरडवाहू शेती आहे, मजुरी आहे, कर्ज आहे. तो सोडविण्याची माझी ताकद नाही आणि या लेखाचा तो विषयही नाही. त्यातला हा एवढासा धागा मी उचलला, याचे कारण तो सगळ्यांच्याच घरांतून गेलेला आहे. वाचकहो, तुमच्या घरी कोयता नसेल. पण मुलाला झोपेत सोडून जाणे जेथे कधी घडलेच नाही, असे घर मला दाखवा. आजोबा दवाखान्यातून परत येत नाहीत, आणि नातवाला सांगितले जाते की ते गावाला गेले आहेत. आई जाते, वर्षाच्या आत घरात दुसरी बाई येते, आणि कुणी तरी आत्या मुलीला बाजूला घेऊन सांगते की हिला आई म्हणायचे. बाप पुण्याला नोकरीस जातो. आधी महिन्याने येतो, मग सणाला येतो, मग त्याच्या येण्याविषयी घरात कुणी बोलेनासे होते. थोरल्या काकांची चूल वेगळी होते. काल ज्या चुलत भावाबरोबर एका ताटात जेवलो, त्याच्या अंगणात आज पाऊल टाकायचे नसते. या साऱ्या घडामोडी मुलाच्या डोक्यावरून होतात. ते टक्क जागे असले, तरी आपण त्याला झोपलेलेच समजतो. 'तू लहान आहेस, जा, खेळ जा' एवढे म्हणून आपण त्याच्या अंगावर पांघरूण घालतो आणि दार ओढून घेतो.

आपण असे का करतो? दुसरी बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. पहिले म्हणणे असे, की मुलाला कळत नाही. मरण म्हणजे काय, नवराबायकोंत बिनसते म्हणजे काय, कर्ज म्हणजे काय, हे थोरांनाही पुरते उमगत नाही. ते सात वर्षांच्या पोराला काय उमगणार? दुसरे म्हणणे असे, की दुःख आयुष्यभर वाटेत उभेच आहे. चार वर्षे त्याची गाठ टळली, तर तेवढे पदरात पडले. तिसरे म्हणणे सहसा कुणी उघड बोलत नाही, पण मला ते सर्वांत प्रामाणिक वाटते. ते असे, की सांगायचे तर खरे, पण कोणत्या तोंडाने? जिचा नवरा गेला, तिला स्वतःलाच अजून ते खरे वाटत नसते. ती मुलासमोर ते वाक्य उच्चारणार कशी? मुलाला न सांगण्यात पुष्कळदा आपण मुलाला जपत नसतो, स्वतःला जपत असतो. यात लाजण्यासारखे काही नाही. जखमी माणसाने जखमेला हात लावू देऊ नये, हे स्वाभाविकच आहे. पण मग त्याला मुलाची दया असे नाव देऊ नये.

पहिल्या म्हणण्याला माझे उत्तर एवढेच आहे, की मूल झोपलेले नसते. त्याला अर्थ कळत नसेल, पण बदल कळतो. घरात आवाज कधी खाली येतो, आपण आत गेल्यावर कोण बोलता बोलता थांबते, आईच्या डब्यात कोणती भाजी नाही, हे मुलाइतके बारकाईने कुणी पाहत नाही. आणि पाहिलेल्याचे कारण कुणी सांगितले नाही, तर ते स्वतः कारण जुळवते. इथेच खरा घोटाळा होतो. कारण मुलाच्या जगाच्या मध्यभागी ते स्वतःच बसलेले असते. मग जे काही घडते, ते आपल्यामुळेच, असे त्याला वाटू लागते.

तिसरीतल्या एका मुलीचे उदाहरण सांगते. तिची आई सासरी पटेना म्हणून माहेरी निघून गेली होती. मुलीला सांगण्यात आले, की आई मामाकडे गेली आहे, येईल. महिना झाला, दोन महिने झाले. मुलगी शांत होती. घरची माणसे म्हणत, पोरगी समजूतदार आहे, तिने काही मनावर घेतलेले नाही. शाळेत मात्र एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तिने आपली पेन्सिल दोऱ्याने दप्तराला बांधली होती. खोडरबराला भोक पाडून तेही बांधले होते. शिसाच्या डबीला रबरबँड होता, पाण्याच्या बाटलीला नाडी होती. मी हसून विचारले, 'हे गं काय?' ती म्हणाली, 'बाई, मी आता काहीच हरवत नाही.' मग हळूहळू उलगडा झाला. वस्तू हरविण्यावरून आई तिला रोज बोलत असे. आई गेली, त्या दिवशी सकाळी हिची पेन्सिल हरवली होती. दोन महिने ही चिमुरडी एकटीच एक सौदा पाळीत होती: मी काही हरविणार नाही, आणि मग आई परत येईल.

तिच्या मावशीने पुढे तिला खरे सांगितले. आईबापांचे भांडण आहे, ते मोठ्या माणसांचे आहे, पेन्सिलीचे नाही. आई इथे राहायला येईल की नाही हे आज कुणालाच ठाऊक नाही. पण दर रविवारी तुला तिच्याकडे नेईन. मुलगी पुष्कळ रडली. सौदा पाळीत होती, तेव्हा ती एकदाही रडली नव्हती. पण आठवड्याभरात दप्तराचे दोरे एकेक करून गेले, आणि एके दिवशी ती मोठ्या तोऱ्यात सांगत आली की तिची पेन्सिल हरवली आहे. तिच्या पाठीवरून केवढे ओझे उतरले होते, हे त्या हरवलेल्या पेन्सिलीवरून मला कळले. न सांगितलेले दुःख टळत नाही. ते मुलाच्या वाट्याला जाते, आणि वर अपराधाचे व्याज घेऊन जाते.

हा प्रश्न केवळ आपल्या इकडचा नव्हे. जर्मन लेखक एरिश केस्टनर याने १९४९ साली मुलांसाठी एक कादंबरी लिहिली. त्यात उन्हाळी सुट्टीतल्या शिबिरात दोन मुली एकमेकींसमोर येतात आणि पाहतात, तर तोंडवळा हुबेहूब एक. त्या जुळ्या बहिणी असतात. आईबापांनी काडीमोड घेताना एकेक मुलगी वाटून घेतलेली असते आणि दोघींनाही दुसरीचा पत्ता लागू दिलेला नसतो. पुढे त्या परस्परांच्या जागी जाऊन राहतात, आणि मग जी गंमत उडते तिच्यावरून हॉलिवुडने १९६१ साली चित्रपट काढला. आपल्याकडे १९६८ च्या 'दो कलियाँ' या हिंदी चित्रपटात नीतू सिंगने बालवयात त्याच धर्तीच्या जुळ्या बहिणींची दुहेरी भूमिका केली. तो चित्रपट पाहून हसलेली आणि रडलेली पुष्कळ मंडळी हा अंक वाचीत असतील.

पण केस्टनरच्या पुस्तकात चित्रपटात न येणारी एक जागा आहे. मुलांच्या पुस्तकात काडीमोडीचा विषय कशाला, असे कुणी विचारील, हे ओळखून तो गोष्ट मध्येच थांबवितो आणि बालनटी शर्ली टेम्पलचे उदाहरण देतो. साऱ्या जगाला ठाऊक असलेली ही मुलगी चित्रपटात काम करी, पण वयाने लहान म्हणून स्वतःचाच चित्रपट पाहायला तिला थिएटरात प्रवेश नव्हता. मुलांचेही तसेच आहे, असे त्याचे म्हणणे. आईबापांच्या वेगळे होण्याने जी मुले पोळतात, आणि आईबाप वेगळे होत नाहीत म्हणूनही जी मुले पोळतात, त्यांना सोसायला लावायचे. पण त्याविषयी त्यांच्याशी समजेल अशा भाषेत बोलायचे मात्र नाही, ही चुकीची दया झाली. सोसण्याइतके मूल मोठे असेल, तर ऐकण्याइतके ते मोठे आहेच. दुसऱ्या म्हणण्याला, म्हणजे दुःखाची गाठ चार वर्षे टाळण्याला, याहून नेमके उत्तर माझ्याजवळ नाही.

आपल्या मराठीत मुलाला सगळ्यात सहभागी करून घेणारे मोठे पुस्तक म्हणजे साने गुरुजींचे 'श्यामची आई'. १९३५ साली निघालेल्या या पुस्तकाला आपण मातृप्रेमाचे स्तोत्र म्हणून वाचतो. पण ते एका घराच्या उतरणीची कहाणीही आहे. कर्ज वाढते, जप्ती येते, अब्रू जाते, आणि यातले काहीही श्यामपासून झाकलेले नाही. त्याच्या आईने त्याला गरिबीपासून वाचविले नाही. तिला ते शक्यच नव्हते. तिने त्याला गरिबीत बरोबर घेतले. त्या मुलाला आपण घरातले माणूस आहोत, पाहुणे नाही, हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच त्या पुस्तकात रडे पुष्कळ असले, तरी पोरकेपणा नाही.

पोरकेपणाची चव घ्यायची, तर प्रकाश नारायण संतांच्या लंपनकडे गेले पाहिजे. 'वनवास' १९९४ साली निघाले. त्यामागून 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. या कथा खास मुलांसाठी म्हणून लिहिलेल्या नाहीत; पण सलग वाचल्या, तर एका मुलाची मोठी कादंबरीच होते, आणि घरातल्या दहा वर्षांच्या पोरापासून आजोबांपर्यंत कुणीही ती वाचावी. लंपन हा शाळकरी मुलगा आईवडिलांपासून दूर, कानडी वळणाची मराठी बोलणाऱ्या मुलखात, आजी-आजोबांच्या घरी वाढतो. घर प्रेमळ आहे, मित्र आहेत, शेजारची सुमी आहे, शाळा आहे, गाणे आहे. उणीव कसलीच नाही. आणि तरी पुस्तकाचे नाव 'वनवास' आहे. लंपन मोठा विक्षिप्त पोरगा आहे. मोठमोठाले आकडे फेकण्याची त्याला खोड आहे, आणि जे जे मनाला भिडते ते ते त्याच्या लेखी 'मॅड' असते. वाचताना आपण पदोपदी हसतो. पण मला वाटते, ज्याला मनातले थेट विचारता येत नाही, त्याचीच भाषा अशी वाकडी-तिकडी आणि मजेदार होते. ज्या मुलाचे घर बदलले आहे, त्याची कुठलीशी विचित्र सवय आपल्याला दिसली, तर तिला चटकन वेड म्हणू नये. लंपनचे आकडे आणि त्या मुलीचे दोरे, दोन्ही धरून उभे राहण्याच्या खुंट्या आहेत.

संतांच्या स्वतःच्या आयुष्याकडे पाहिले, तर ही गोष्ट आणखी जवळ येते. कवयित्री इंदिरा संत यांचे ते चिरंजीव. जन्म १९३७ चा, वडील ना. मा. संत १९४६ साली वारले, तेव्हा मुलगा नऊ वर्षांचाही नीट झालेला नव्हता. आजोळी दत्तक गेल्यामुळे कागदोपत्री नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. पुढे कराडच्या महाविद्यालयात त्यांनी भूगर्भशास्त्र शिकविले. लंपन म्हणजे लेखकच, असे म्हणणे अडाणीपणाचे होईल. परंतु 'वनवास' पुस्तकरूपाने आले, तेव्हा लेखक सत्तावन्न वर्षांचा होता, आणि तरीही आईचे घर सोडून आलेले मूल त्याच्या लेखणीत ताजे होते, एवढे म्हणायला हरकत नाही. २००३ साली संत गेले. २०२४ साली लंपनवर मालिका निघाली, आणि नव्या पिढीच्या मुलांनाही तो आपला वाटला. बदललेल्या घरातले मूल जुने होत नाही, हेच खरे.

येथे कुणी म्हणेल, की मोठ्या कार्यासाठी निघालेल्या माणसाने मुलाची झोप मोडत बसावे काय? या आक्षेपामागे आपल्या संस्कृतीतले सर्वांत थोर उदाहरण उभे आहे. पारंपरिक बुद्धचरित्रात सिद्धार्थ मध्यरात्री दाराशी येतो. यशोधरा निजलेली आहे, तिचा हात नवजात राहुलाच्या डोक्यावर आहे. बाळाला उचलावे, तर ती जागी होईल. ती जागी झाली, तर निघणे व्हायचे नाही. तो तसाच उंबऱ्यावरून माघारी फिरतो. पुढे बुद्ध कपिलवस्तूला येतात, राहुल त्यांच्या मागे मागे जाऊन आपला वारसा मागतो, आणि त्याला संघात घेतले जाते. तेव्हा वृद्ध शुद्धोदन व्याकुळ होऊन विनवितो, की यापुढे आईबापांच्या संमतीवाचून कुणाचेही मूल संघात घेऊ नये. बुद्धांनी तसा नियम घालून दिला. मला या नियमाचा मोठा आदर वाटतो. आणि मनात येते, की मूल जाताना आईबापांना सांगावे, हा नियम अडीच हजार वर्षांपूर्वी झाला. आईबाप जाताना मुलाला सांगावे, हा नियम मात्र अजून व्हायचा आहे.

पण याच कथेची दुसरी मांडणी मराठवाड्यातल्या असंख्य घरांत आज वाचली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सिद्धार्थ रात्री चोरपावलांनी निघून जात नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा होतो, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, आणि त्यापायी घर सोडण्याची पाळी येते. तो आईवडिलांना सांगतो, यशोधरेला सांगतो. ती धीराने संमती देते. तो राहुलाकडे पित्याच्या मायेने पाहून निघतो. इतिहासाच्या दृष्टीने कोणती मांडणी बरोबर, हा विद्वानांचा वाद आहे. मला त्यातला नैतिक विचार मोलाचा वाटतो. जाणे जर योग्य असेल, तर ते सांगण्याजोगे असले पाहिजे. आणि जे सांगून करता येते, त्याने मागे राहणाऱ्याचा मान राहतो. निरोप घेणे म्हणजे अडविले जाण्याचा धोका पत्करणे होय. तो धोका पत्करून माणूस समोरच्याला सांगत असतो, की तुझ्या रडण्याची मला किंमत आहे.

आता एक सावधगिरी. मुलाला सांगावे, याचा अर्थ मुलावर सारे ओतावे, असा नव्हे. नवऱ्याची गाऱ्हाणी मुलीपाशी सांगणारी आई आणि बायकोचे दोष मुलाला पाढ्यासारखे पाठ करविणारा बाप, हे दोघेही खरे बोलत असतील. पण ते मुलाला सांगत नसतात, त्याला साक्षीदार करीत असतात. 'तुला आई हवी की बाबा?' असे सर्वांदेखत विचारणे, यासारखा क्रूरपणा नाही. मुलाचे मत मुळीच विचारू नये, असेही नाही. १८९० सालच्या पालक-पाल्य कायद्यातसुद्धा पाल्य विचार करण्याजोगे मोठे असेल, तर न्यायालयाने त्याची पसंती ध्यानात घ्यावी, अशी सोय आहे. मुलाशी संबंधित बाबीत त्याचे म्हणणे ऐकले जावे, हा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात आला, आणि भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. मात्र ऐकून घेणे वेगळे आणि निवाड्याचे ओझे त्याच्या मानेवर देणे वेगळे. निर्णय मोठ्यांनी करावा, त्याचा बोल मोठ्यांनीच घ्यावा, आणि मग तो मुलाला डोळ्यांत डोळे घालून सांगावा.

सांगायचे तरी किती? माझ्या अनुभवाने तीन गोष्टी पुरतात. काय झाले, ते एका साध्या वाक्यात. ते तुझ्यामुळे झाले नाही, हे दोन-तीनदा. आणि उद्या सकाळी तुझी वेणी कोण घालणार, भाकरी कोण देणार, शाळेत कोण सोडणार, हे अगदी तपशिलाने. मोठ्यांना पहिली गोष्ट अवघड वाटते म्हणून ते तिन्ही टाळतात. मुलाचा जीव मात्र बहुधा तिसऱ्या गोष्टीत अडकलेला असतो.

ऊसतोडीला जाणारी एक आई मला ठाऊक आहे. तिने पोराला झोपू दिले नाही. गाडी सुटेपर्यंत त्याला जागे ठेवले आणि सांगितले, की आजपासून पाच पुनवा मोज. कार्तिकाची, मार्गशीर्षाची, पौषाची, माघाची, आणि पाचवी होळीची. ती झाली की मी आले. पोराने त्या रात्री गाव डोक्यावर घेतले. ट्रकचा फाळका धरून तो लोंबकळला. त्याला दोघांनी ओढून काढले. शेजारच्या बायका तिला नावे ठेवीत होत्या, की लेकराचे असे हाल कशाला केले. खोटे कशाला बोलू, त्या रात्रीपुरते हाल झालेच. पण थंडीच्या दिवसांत तो शाळेत येऊन मला रुबाबात सांगे, 'बाई, तीन पुनवा झाल्या, दोनच ऱ्हायल्या.' त्याच वर्गात आणखी दोघे होते, ज्यांची मायबापे झोपेत निघून गेली होती. ते महिनाभर दिवेलागणीला धास्तावत. त्यांच्या आजीने सांगितले, की पोरे रात्री झोपायलाच तयार नसतात. का तयार असतील? एकदा झोपल्यावर आई गेली. पुन्हा झोपलो तर आजी जाईल.

सांगण्याबरोबर आणखी एका गोष्टीची गरज असते, आणि ती मला आमच्या जनाबाईपासून उमगली. गंगाखेड हे तिचे गाव. परंपरा सांगते, की लहान वयातच ती घर सोडून पंढरपूरला दामाशेटीच्या घरी आली आणि नामदेवाच्या कुटुंबात दासी म्हणून वाढली. आईबापांपासून दूर, परक्या घरी, कामाच्या रगाड्यात. तिच्या अभंगांतला विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, गोवऱ्या वेचतो. ती त्याच्याशी भांडते, त्याला फटकारते, त्याच्यावर रुसते. भक्तीच्या दृष्टीने याचा अर्थ जाणकारांनी पुष्कळ सांगितला आहे. मला मास्तरणीला त्यात एक साधी गोष्ट दिसते. ज्याच्यावर रागावता येईल, असे एक हक्काचे माणूस जनीला मिळाले होते. नव्या घरात आलेल्या मुलाला लाड नकोत, खेळणी नकोत. त्याला असे एक माणूस हवे, ज्याला वाटेल तो प्रश्न विचारता येईल आणि ज्याच्यावर रुसले तरी ते निघून जाणार नाही. ते सावत्र आई असो, आजी असो, वसतिगृहातली बाई असो. विठ्ठलाभोवती संतांची पोरे खेळविणाऱ्या तिच्या अभंगात तर जातीपातींची, घराघरांची मुले एकाच्याच अंगाखांद्यावर आहेत. कुटुंब रक्ताने सुरू होते; पण टिकते ते असे, कुणी तरी कडेवर घेतल्याने.

या दिवाळीतही अनेक घरांत ताटे मांडताना एखादे कमी होईल, एखादे नवे येईल. पाहुण्यांच्या गडबडीत मुलांना त्याविषयी कुणी काही बोलणार नाही. सणाच्या दिवशी कशाला, असे आपण म्हणू. पण फराळाच्या ताटावर मूल मोजीत असते, हे विसरू नये. कुणी नसेल, तर त्याचे नाव घ्यावे. कुणी नवे असेल, तर त्याचे नाते सांगावे. आणि मुलाने विचित्र प्रश्न केला, तर गप्प करण्याआधी तो पुरता ऐकावा.

आपल्या भाषेत घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. लहानपणापासून हे आपल्या जिभेवर आहे. पण 'येतो' हा शब्द ऐकायला समोर कुणी तरी जागे असावे लागते. जो परत येऊ शकत नाही, त्याला तो म्हणता येत नाही. अशा वेळी मागे उरलेल्याने मुलाजवळ बसून 'मी आहे' म्हणावे लागते. दोन्हींपैकी एक शब्द प्रत्येक लेकराला जागेपणी ऐकू यावा, एवढे तर आपल्या हातात आहे.